डाग खाली, गळती वर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी कवितेबद्दल बोलेन अशी तुमची अपेक्षा असेल. पण आज मी बोलणार आहे तेलाच्या एका थेंबाबद्दल.

कल्याणला माझ्या मामूंचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे दूधनाक्यापासून पाच मिनिटांवर पत्र्याची एक शेड, पुढे थोडी मोकळी जागा आणि गाडीखाली उतरायला जमिनीत खणलेला खड्डा. रात्री शेड बंद करण्याआधी मामू एक काम न चुकता करायचे. दुरुस्तीला आलेल्या जीपखाली जुनी वर्तमानपत्रं पसरायची, चारही चाकांच्या जागा जमिनीवर खडूने आखायच्या आणि कागदावर पेन्सिलीने लिहायचं : ‘इंजिन’, ‘गिअर’, ‘मागचा क्राऊन’. सकाळी चहाच्या आधी ते कागद उचलून उजेडात धरायचे. थेंब किती, कुठे, रंग कोणता, वास कसला, हे सगळं बघायचे. रविवारची पुरवणी त्यांना या कामासाठी फार पसंत होती, कारण तिची पानं जास्त. मी सुट्टीत तिथे बॅटरी धरायला जायचो. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या मराठी कविता मी वाचल्या त्या या तेलकट पुरवण्यांत. बहुतेक वेळा कवीचं नाव डागाखाली गेलेलं असायचं.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण डोंबिवलीचे एक निवृत्त शिक्षक. माझ्या एका कार्यक्रमाला ते आले होते. कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन म्हणाले, “कविराज, तुमच्या मामांचं कल्याणला गॅरेज होतं ना? आमच्या वडिलांची जीप त्यांच्याकडेच असायची.” ती जीप अजून सरांकडे आहे. १९६४ सालची, पेट्रोलची, उंच बॉनेटची. पण इमारतीच्या वाहनतळावर नव्या फरशा बसल्या आणि जीपखालचे डाग सगळ्यांच्या डोळ्यांवर आले. सोसायटीने पत्र दिलं : महिनाभरात गळती थांबवा, नाहीतर गाडी हलवा. दोन मेकॅनिकांनी गाडी बघितली. एकाने सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल. दुसऱ्याने सांगितलं, भंगारात घाला. सर म्हणाले, “भंगारवाला येऊन बघून गेला. त्याने वजनाचा भाव सांगितला तेव्हा मला बरं वाटलं नाही.”

मी मेकॅनिक नाही. बीए झालेला माणूस आहे. पण गळती कशी शोधायची हे मी सात-आठ वर्षं बॅटरी धरून पाहिलेलं आहे. म्हणून म्हटलं, बघू या.

आता ही जीप इथे आली कशी, ते आधी सांगतो. कारण ती गळते का, याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

जुलै १९४० मध्ये अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. फ्रान्स नुकताच पडला होता. लष्कर घाईत होतं. नमुना तयार करायला मुदत दिली ४९ दिवसांची. बँटम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी हजर केली. पुढे मोठं काम मिळालं ते विलिस आणि फोर्ड या कंपन्यांना. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या काढल्या. ही गाडी युद्धासाठी होती. चिखलात रुतली तर चार जवानांनी उचलून बाजूला ठेवावी, मोडली तर दुसरी घ्यावी. ती साठ-सत्तर वर्षं चालेल, तिच्याखाली कोणी पुरवणी पसरेल, असं कोणाच्या मनातही नव्हतं.

युद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. मामू तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. छावणीकडून येणारी जीप त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती खाडीच्या चिखलात. बैलगाडी जिथे अडायची तिथून ती सरळ निघून गेली. ते सांगायचे, “गाडी गेली आणि मागे चिखलात तेलाचे रंग तरंगत होते. मोराच्या पिसासारखे.” म्हणजे पहिल्या भेटीतही तिने आपली खूण मागे ठेवलीच होती.

युद्ध संपलं, छावणी ओस पडली. मग फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्याच बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या नगराची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. पण आजही आमच्याकडची जुनी माणसं ‘कॅम्प’च म्हणतात आणि पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांना लोक ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणत. मामूंनी हात काळे केले ते अशाच गाड्यांवर.

त्याच काळात मुंबईत दुसरी एक गोष्ट घडत होती. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली होती. नाव होतं ‘महिंद्र अँड मोहम्मद’. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव झालं ‘महिंद्र अँड महिंद्र’. दोन्ही नावांची आद्याक्षरं तीच राहिली. याच कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस जीपचे सुटे भाग आणून इथे जोडायला घेतले आणि पन्नासच्या दशकापासून इथेच जीप बनू लागली. उंच बॉनेटची, सीजे-थ्री-बी नावाची ही गाडी लष्कराने घेतली, पोलिसांनी घेतली, जंगल खात्याने घेतली. सरांचे वडील लाकडाच्या धंद्यात होते. त्यांनी घेतली ती हीच.

मामूंना ही कंपनीच्या नावाची गोष्ट ठाऊक होती. त्यांचे दोन चुलत भाऊ कराचीला गेले होते. त्यांना कोणी विचारलं, “तुम्ही का नाही गेलात?” तर ते खड्ड्यातूनच म्हणायचे, “गाडी उघडून ठेवलेली होती. अशी टाकून कसा जाऊ?” मी लहान असताना हा विनोद वाटायचा.

आता तेलाकडे येतो.

फिरणारी वस्तू आणि स्थिर वस्तू यांच्यामधल्या फटीतून पातळ पदार्थ बाहेर येऊ द्यायचा नाही, हा प्रश्न फार जुना आहे. आमच्या कल्याणच्या खाडीला तर तो शिवाजी महाराजांच्या काळापासून माहीत आहे. १६५७ नंतर कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी इथे जहाजं बांधायला घेतली. लाकडी जहाजाच्या दोन फळ्यांमधली फट कापूस ठासून आणि वर राळ-तेलाचा लेप देऊन बुजवत. माझ्या आजोबांचा मचवा होता. दर वर्षी पावसाळ्यात तो ओढून किनाऱ्यावर घेत आणि उघडीप मिळाली की हेच काम चाले. पण फळ्या एका जागी असतात. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत आगगाडी आली आणि तिच्यासोबत दुसरा प्रश्न आला. वाफेच्या इंजिनाचा दांडा सारखा आत-बाहेर करतो. त्याच्याभोवतीची फट कशी बुजवायची? तिथे चरबीत भिजवलेला तागाचा दोर गुंडाळून वरून झाकण आवळत. वाफ निसटू लागली की झाकण थोडं आणखी आवळायचं. फार आवळलं तर दांडा घासायचा. सैल ठेवलं तर वाफ जायची.

मोटारी आल्या तेव्हा तोच दोर त्यांच्यात शिरला. जुन्या इंजिनांत क्रँकच्या मागच्या टोकाला विणलेला दोरच बसवलेला असे. चाकांच्या धुऱ्यांपाशी नमदा आणि चामडं. टाकीखालच्या, झाकणांखालच्या जोडांत बुचाच्या झाडाच्या सालीचं पॅकिंग. रबर का नाही? तर नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं, लिबलिबीत होतं. म्हणून गंमत अशी झाली की मोटारीचं ऑईल सील बनवायला पुढे आले ते चामडं कमावणारे. शिकागोची एक चामड्याची कंपनी, १८७८ सालची. जर्मनीतलं फ्रॉयडेनबर्ग घराणं, १८४९ पासून कातडी कमावणारं. १९२९ च्या मंदीत चामड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी मोटारींसाठी चामड्याची सीलं काढली. मग तिसच्या दशकात तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर निघालं आणि सीलाच्या ओठाला चामड्याऐवजी रबर आलं. त्या ओठामागे एक बारीक गोल स्प्रिंग असते. ती ओठ दांड्यावर दाबून धरते. आज तुमच्या स्कूटरपासून कारखान्यातल्या पंपापर्यंत सगळीकडे हेच सील आहे.

जीप जन्मली ती नेमकी या दोन युगांच्या मध्ये. तिच्या अंगात दोर आहे, नमदा आहे, बुचाची साल आहे आणि रबरही आहे. शिवाय साधी मोटार घ्या आणि जीप घ्या. जीपला पुढच्या चाकांनाही ताकद द्यायची, म्हणून पुढे एक क्राऊन जास्त, मध्ये ताकद वाटणारी एक पेटी जास्त, जिला ट्रान्सफर केस म्हणतात. चाकांपाशी दोन मोठे पोलादी चेंडू, ज्यांच्या पोटात ग्रीस. जितक्या पेट्या तितके जोड, जितके जोड तितक्या गळतीच्या जागा. त्यात ती पाण्यात घालायची, चिखलात घालायची. अमेरिकन लष्कराच्या जीपला क्लचच्या घराखाली एक भोक ठेवलेलं असे. मागच्या सीलातून थोडं तेल येणारच, ते क्लचवर जाण्यापेक्षा जमिनीवर पडलेलं बरं, असा हिशेब. फक्त खोल पाण्यात घालताना त्या भोकाला बूच लावायचं आणि बाहेर आल्यावर काढायचं. म्हणजे बनवणाऱ्यांनी थोडी गळती धरूनच ठेवली होती.

मग मामू शोधायचे काय? ते दोन शब्द वापरायचे. ‘पाझर’ आणि ‘गळती’. पाझर म्हणजे जोड ओला आहे, धूळ चिकटते, पण थेंब धरत नाही. त्याला हात लावायचा नाही. गळती म्हणजे थेंब पडतो. तिचा माग काढायचा.

माग काढायची त्यांची रीत अशी. पहिलं, धुवायचं. रॉकेल आणि ब्रशने इंजिनापासून मागच्या क्राऊनपर्यंत सगळं लख्ख करायचं. वीस वर्षांच्या काळ्या थरात नवा थेंब दिसत नाही. दुसरं, सुकल्यावर संशयाच्या जोडांवर खडूची पूड मारायची. तिसरं, गाडी नीट तापेपर्यंत फिरवून आणायची, कारण थंड तेल घट्ट असतं, ते गळत नाही. चौथं, परत आल्यावर बॅटरी घेऊन खाली जायचं आणि पुडीवर पहिली ओली रेघ कुठे उमटली ते बघायचं. पाचवं, रात्री कागद घालायचा. इंजिनाचं तेल काळं. गिअरचं तेल जाड, पिवळसर आणि उग्र वासाचं. एकदा नाकात गेलं की जन्मभर विसरत नाही. ब्रेकचं तेल पातळ, आणि ते दिसलं तर गाडी जागेवरून हलवायची नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मी थेंबाकडे बोट दाखवलं की मामू म्हणायचे, “वर बघ.” तेल खाली वाहतं आणि गाडी चालू असली की पंख्याचा आणि पुढून येणारा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून थेंब जिथे पडतो तिथे गळती बहुधा नसतेच. ती त्याच्या वर असते आणि पुढे असते.

ही शिकवण त्यांना फुकट मिळाली नव्हती. गॅरेज नवीन असताना एक जीप आली. क्लचच्या घराखालून धार. ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी सांगितलं, क्रँकचं मागचं सील गेलं. मामूंनी गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, फ्लायव्हील काढलं, चेंबर उतरवलं, तीन दिवस राबून सील बदललं. गाडी जोडली, चालवली आणि सकाळी कागदावर तोच डाग. सील उलटं बसलं असेल म्हणून पुन्हा उघडलं. बरोबर होतं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे असायला हवी, तशी ती होती. तिसऱ्या वेळी त्यांनी इंजिन धुतलं आणि मग दिसलं. वर, इंजिनाच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात वाळून चिरलं होतं. तेल तिथून निघून इंजिनाच्या पाठीवरून बारीक रेघेत उतरत होतं आणि क्लचच्या घराच्या सांध्यातून खाली येत होतं. काही आण्यांचं पॅकिंग होतं. मालकाकडून त्यांनी पॅकिंगचेच पैसे घेतले. आठवडा स्वतःच्या अंगावर घेतला. तेव्हापासून धुतल्याशिवाय त्यांनी पाना उचलला नाही.

तरीही गळतीला ते फार मोठा दोष मानत नसत. तेल परत भरता येतं म्हणायचे. ते बदलले ते माळशेजच्या रस्त्यावर.

१९८३ चा पावसाळा असावा. मी चौदा-पंधरा वर्षांचा. मुरबाडच्या पुढे एका लग्नाला निघालो होतो. जीप मामूंचीच, आत आम्ही अकरा माणसं, त्यात माझी आई आणि धाकटी बहीण. घाटात पुढे दरड पडली होती म्हणून गाड्या थांबल्या. मामूंनी हॅंडब्रेक ओढला आणि बघायला खाली उतरले. मीही उतरलो. आणि जीप मागे सरकू लागली. आधी इतकी हळू, की मला वाटलं मीच पुढे जातोय. आई आतून हाक मारत होती, “भाऊ, गाडी चालली!” मामू धावले. रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड रंगवणाऱ्या मजुरांपैकी एकाने हातातला मोठा धोंडा मागच्या चाकाखाली टाकला. जीप त्यावर चढली, थरथरली आणि थांबली. मागे कठड्याचा तुटका भाग होता. किती अंतर होतं ते आम्ही मोजलं नाही.

घरी आल्यावर मामूंनी जीप खड्ड्यावर घेतली. या जीपचा हॅंडब्रेक चाकांना नसतो. ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी एक ड्रम असतो, तो हॅंडब्रेक. त्या तोंडाचं सील कित्येक महिने गळत होतं. मामूंना माहीत होतं. गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी, म्हणून आपली राहून गेली होती. ते तेल थेंबाथेंबाने ड्रममध्ये जात होतं आणि ब्रेकची पट्टी तेलात न्हाऊन निघाली होती. ओढला तरी धरणार काय? मामू खड्ड्यात बराच वेळ बसून राहिले. मी वरून बॅटरी धरली होती. त्यांनी ती बंद करायला सांगितलं.

त्यानंतर गळतीची त्यांची यादी बदलली. कुठून किती तेल जातं, हे दुसरं. ते तेल कशावर पडतं, हे पहिलं. हॅंडब्रेकच्या ड्रममध्ये, मागच्या चाकांच्या ब्रेकवर, तापलेल्या एक्झॉस्टवर, क्लचवर. अशी गळती असली तर थेंब एक का असेना, गाडी गॅरेजबाहेर जायची नाही. गिऱ्हाईक रागावून निघून गेलं तरी चालेल.

आता डोंबिवलीला परत येऊ. सरांच्या जीपला हात लावायला मी मामूंच्या हाताखाली शिकलेल्या एका उस्तादांना बोलावलं. तेही आता सत्तरीला आलेत. त्यांनी आल्याआल्या गाडीकडे बघितलंच नाही. म्हणाले, “सर, आधी धुऊ या.” सोसायटीच्या आवारात नको, म्हणून जीप कल्याणला नेली. जुना पत्रीपूल २०१८ साली पाडला. नव्या पुलावरून जाताना उस्तादांनी हॅंडब्रेक ओढून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. तो धरत नव्हता.

धुणं, पूड, फेरी, कागद. दोन दिवसांत चार जागा सापडल्या.

पहिली, इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. तीच जुनी कहाणी. कोणीतरी गळती थांबवायला त्याचे नट इतके आवळले होते की पत्राच वाकला होता. पत्रा वाकला की पॅकिंग मधे दबतं आणि कडेला उघडं पडतं. उस्तादांनी पत्रा सपाट लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ केला. बुचाचं नवं पॅकिंग ठेवून ठेवून आकसलं होतं, ते कोमट पाण्यात भिजवून मापाला आणलं. नट दोन बोटांनी पाना धरून आवळले. “हाताने आवळ, दंडाने नाही,” हेही मामूंचंच वाक्य.

दुसरी, मागचा क्राऊन. तिथून गिअरचं तेल पुढच्या तोंडाने येत होतं. सील बदलायच्या आधी उस्तादांनी क्राऊनच्या नळीवरचं बोटाएवढं टोपण काढलं. त्याला ब्रीदर म्हणतात. आतली पेटी तापली की हवा फुगते, ती या टोपणातून बाहेर जाते. इथे ते चिखलाने बंद होतं. हवेला वाट नाही, मग ती तेलालाच सीलातून बाहेर ढकलते. टोपण रॉकेलमध्ये धुतलं, फुंकून मोकळं केलं. सील तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी कागद तिथे कोरडा होता. खर्च शून्य. दोन्ही मेकॅनिकांनी ते टोपण उघडून बघितलं नव्हतं. त्यांना दोष देत नाही. आज कोणाला वेळ आहे?

तिसरी जागा हॅंडब्रेकची. तिथे नवं सील बसवूनही भागलं नसतं. साठ वर्षं रबराचा ओठ एकाच जागी घासून पोलादात खाच पडली होती. रबराने पोलाद झिजवलं, हे बघून सरांना खरंच वाटेना. त्यांनी नखाने ती खाच चाचपली. उस्तादांनी तो भाग लेथवाल्याकडे नेला, खाच घासून वर पातळ पोलादी बांगडी चढवली आणि मग सील बसवलं. ड्रम धुतला, पट्टी नवी घातली.

चौथी जागा क्रँकच्या मागच्या सीलाची. तिथे खरोखरच थोडं तेल येत होतं. रात्रभरात दोन-तीन थेंब. ते थांबवायचं तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्ही उतरवायला हवेत. सरांनी विचारलं, “करायचं का?” उस्ताद म्हणाले, “क्लच धरतोय. तेल क्लचवर जात नाही, खालच्या भोकातून पडतंय. ज्या दिवशी क्लच बदलायला उघडू त्या दिवशी करू. आज फक्त यासाठी उघडली तर शंभर जुने नट हलतील.” मग त्यांनी पत्र्याचा एक ट्रे करून दिला, कडा वळवलेला. रात्री इंजिनाखाली सरकवायचा, महिन्यातून एकदा रिकामा करायचा. आणि ते तेल गटारात ओतायचं नाही, जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे द्यायचं, असं तीनदा बजावलं. आमच्या वालधुनीचं पाणी ज्याने बघितलंय त्याला यामागचं कारण सांगायला नको.

सोसायटीच्या बैठकीला सर वर्तमानपत्राची पानं घेऊन गेले. आधीचं पान आणि नंतरचं पान. आधीच्या पानावर चार मोठे डाग, नंतरच्या पानावर नाण्याएवढा एक. त्यांनी ट्रे दाखवला आणि फरशा स्वतः घासून देतो म्हणाले. मुदत वाढवून मिळाली. आता ते कागदपत्रांच्या मागे आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना वेगळ्या नोंदणीची सोय २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने केली. सरांची जीप त्यात बसते असं त्यांना वाटतं.

श्रोतेहो, इतिहासाच्या पुस्तकात जीप बनवणाऱ्यांची नावं आहेत. ती असायलाच हवीत. पण ती गाडी बनवली होती एका युद्धापुरती. ती शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर पुढची साठ वर्षं चालली, तिने बाळंतिणी नेल्या, मतपेट्या नेल्या, ती कोणामुळे? पत्र्याच्या शेडमध्ये रॉकेल आणि ब्रश घेऊन बसलेल्या माणसांमुळे. बराकीत येऊन राहिलेल्या आणि त्याच कॅम्पात सुट्या भागांची दुकानं थाटणाऱ्या माणसांमुळे. लेथवाल्यांमुळे. आणि माळशेजच्या घाटात हातातला धोंडा वेळेवर टाकणाऱ्या त्या माणसामुळे. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही. त्या गडबडीत राहून गेलं. मामू पुढे दर वर्षी त्या वळणावर गाडी थांबवायचे, पण तो पुन्हा भेटला नाही.

मामू जाऊन आता बारा वर्षं झाली. जीप सरांच्या ताब्यात देताना उस्तादांनी शेवटचा कागद घडी घालून मला दिला. “तुमच्याकडे राहू द्या,” म्हणाले. मी घरी येऊन उघडला. रविवारची पुरवणी होती. डाग कोपऱ्यात होता, आणि या वेळी कवीचं नाव वाचता येत होतं.